पायाळू कालिंदी आणि सर्जाचा पाय

कलकत्त्यात मराठी माणसाची पाठ धरली की तो डॉक्टरकडे जात नसे, बालीगंजला हर्डीकरांच्या कालिंदीकडे जात असे. बेहाल्याचे लोक बसच्या दांड्याला लोंबकळत येत, बराकपूरचे लोकलने सियालदापर्यंत आणि तिथून पुढे कण्हत. जिन्यातच त्यांचं "आई गं, अगं आई गं" ऐकू यायला लागे. मग दिनकरदादा, म्हणजे कालिंदीचे थोरले भाऊ, वर्तमानपत्रातून डोकं वर न काढता आत ओरडत, "कालिंदे, गिऱ्हाईक आलं गं. वाकलेलं आहे."

कालिंदी पायाळू होती. आईच्या पोटातून बाहेर येताना तिचे पाय आधी आले आणि डोकं मागून. अशा माणसाचा पाय पाठीला लागला की उसण निघते, हे पुण्या-नागपुराकडे कुणालाही विचारा, कुणी हसणार नाही. पेशंटने सतरंजीवर पालथं पडायचं. कालिंदीने उजवा पाय धुऊन, पुसून त्याच्या कमरेवरून तीनदा हलकेच फिरवायचा आणि म्हणायचं, "उठा." लोक उठत. काही खरंच बरे झालेले असत, काही भिडेखातर.

एरवी कालिंदीकडे कुणी मुद्दाम यावं असं काही नव्हतं. वय पन्नाशीला टेकलेलं, लग्न राहून गेलेलं. मुलींच्या शाळेत भूगोल शिकवी, तोसुद्धा नकाशाकडे तोंड करून. मराठी मंडळाच्या गणपतीत खांबाआड बसे आणि प्रसादाचं ताट बहुतेक वेळा तिला चुकवून पुढे जाई. पण एकदा कुणाची पाठ धरली, की काय थाट! "अहो, कालिंदीताई कुठायत? सरका, सरका, कालिंदीताईंना पुढे येऊ द्या!" बँकेचे मॅनेजर, इन्कम टॅक्सचे साहेब, सगळे तिच्या पायाशी आडवे. त्या वेळी ती अगदी गंभीर चेहरा करून पदर खोचायची, पण आतून तिला इतकं बरं वाटायचं की पायाला घाम सुटायचा.

सर्जा तिला या पायामुळेच मिळाला. बराकपूरच्या एका मेजरसाहेबांची उसण तिने काढली होती. पुढे त्यांची सरहद्दीवर बदली झाली तेव्हा ते एक अल्सेशियनचं पिल्लू काखेत मारून जिना चढून आले. "ताई, याला तिकडे नेता येत नाही. तुम्ही नाही म्हणालात तर माझी पाठ इथेच परत धरेल."

कालिंदीने पिल्लू घेतलं. दादा म्हणाले, "मी सांगून ठेवतो, मी याला हात लावणार नाही." दादांचं प्रत्येक वाक्य असंच सुरू व्हायचं. रेल्वेच्या कचेरीत आख्ख्या नोकरीत कुणी त्यांचं ऐकलं नव्हतं, त्यामुळे ते नुसतं सांगून ठेवत.

पिल्लाचा बघता बघता केवढा तरी धिप्पाड कुत्रा झाला. दूध-पोळीवर वाढला आणि कालिंदीच्या मागे घरभर शेपटासारखा फिरला. त्याला एकच गोष्ट खपत नसे. ती पेशंटची सतरंजी तो स्वतःची समजायचा. तिच्यावर परका माणूस आडवा झाला की घशातून असा आवाज काढायचा, की पेशंट अर्धा बरा होऊनच उठायचा. म्हणून उपचाराच्या वेळी त्याला आत मोरीपाशी बांधून ठेवावं लागे.

त्र्याहत्तर सालच्या होळीच्या सुमाराला सर्जा पुढच्या उजव्या पायाने लंगडायला लागला.

खालच्या मजल्यावर शेफालीदी राहायची. तिचे यजमान वकील होते, पण घरात वकिली तीच करी. जिन्यात तिने सर्जाला पाहिलं आणि कमरेवर हात ठेवले. "ओ कालिंदीदी! शोर्जा का पाँव में क्या हुआ? डाक्तार दिखाओ, डाक्तार."

"मुरगळलाय," कालिंदी म्हणाली. "मोच है, दीदी. घर में ही ठीक हो जाएगा."

घरात दवाखाना असताना बाहेर कशाला जायचं? तिने सर्जाला सतरंजीवर बोलावलं, उजवा पाय धुतला, पुसला आणि त्याच्या मनगटावरून हलकेच फिरवला. सर्जा तिच्याकडे बघत पडून राहिला. दुसऱ्या दिवशी त्याचं लंगडणं कमी वाटलं. कालिंदी दादांना म्हणाली, "बघितलंस?"

"मी सांगून ठेवतो," दादा म्हणाले, "कुत्र्याला उसण भरत नाही."

पण कालिंदीचा हट्ट. रोज संध्याकाळी शाळेतून आल्यावर ती पाय धुवायची, आणि पाण्याचा आवाज आला की सर्जा आपण होऊन सतरंजीवर जाऊन आडवा व्हायचा. चैत्र गेला, वैशाख गेला. मनगटाच्या वर एक टेंगूळ आलं. ते कडक होतं, गरम होतं. कालिंदीला वाटलं, शीर चढली आहे, आता जरा दाबून बघावं. ती पायाच्या अंगठ्याने दाबायला लागली. सर्जा कुंई कुंई करी, पण दात कधी दाखवले नाहीत. आपली बाई करते आहे म्हणजे काहीतरी असेल, असा त्याचा हिशेब असावा.

मग एका संध्याकाळी तिने पाय धुतला आणि सर्जा नेहमीप्रमाणे येऊन आडवा झाला. तिने पाय उचलला मात्र, टेकवलासुद्धा नव्हता, तोच त्याचं सगळं अंग थरथरायला लागलं आणि पडल्या जागी त्याला लघवी झाली. तो उठून गेला नाही. तसाच ओल्यात पडून राहिला, डोळे मिटून, पाय पुढे करून.

शेफालीदी वाटीत काहीतरी घेऊन दारात आली होती. तिने ते पाहिलं. "ए की! ये आप क्या करता है, कालिंदीदी? पाँव से? बीमार जानवर को पाँव से?"

कालिंदीने वर उचललेला पाय कुठे ठेवावा ते तिला कळेना. तिने तो हळूच बाजूला टेकवला आणि भिंतीला धरून उभी राहिली.

जनावरांचं इस्पितळ शहराच्या पार उत्तरेला. टॅक्सीवाले कुत्रा बघून काच वर करत. शेवटी एक सरदारजी थांबला. तिथले डॉक्टर भादुरी बारीक, चष्मेवाले, आणि त्यांच्या हिंदीत सगळं जग पुल्लिंगी. त्यांनी एक्स-रे काढून खिडकीच्या उजेडात धरला. लोडशेडिंग होतं.

"ये देखिए. हड्डी के अंदर शूर्ज उठ गया."

खरंच तसं होतं. लहान मुलं चित्रात सूर्य काढतात आणि भोवती रेघा मारतात, तसं मनगटाच्या वरच्या हाडातून किरणांसारखं काहीतरी चहूकडे फुटलं होतं.

"हाड़ का कैंसर. कितना दिन से लंगड़ाता है?"

"होली से," दादा म्हणाले.

"होली! अभी तो रथजात्रा आ गया. इतना दिन क्या इलाज किया?"

"घरेलू."

"घरेलू क्या? तेल? सेंक?"

दादांनी आढ्याकडे पाहिलं. कालिंदीने दोन्ही पाय खुर्चीखाली ओढून घेतले आणि वर साडीचा काठ ओढला.

डॉक्टरांनी उत्तराची वाट पाहिली नाही. "सुनिए. पाँव पूरा काटेगा, कंधा से. तो दर्द चला जाएगा. बीमारी जाएगा कि नहीं, वो हम नहीं बोल सकता. ये बीमारी छाती में जाता है. बाद में हम मानुष के अस्पताल से सुई मँगा के देगा, वो कुकुर के लिए नहीं है, अंदाज से देना पड़ेगा. और नहीं काटेगा, तो सुला देगा. वो भी खराब बात नहीं. बड़ा कुकुर है, तीन पाँव पे सब नहीं चल सकता."

"मी सांगून ठेवतो, कालिंदे—"

"काटिए," कालिंदी म्हणाली. दादांचं वाक्य पुरं होण्याआधी ती जन्मात कधी बोलली नव्हती.

सर्जाला परत आणायला गेले तेव्हा नशिबाने तोच सरदारजी भेटला. पट्ट्यांनी गुंडाळलेला, अर्धवट गुंगीतला कुत्रा बघून त्याने विचारलं, "काटेगा तो नहीं, बाबूजी?"

"अब ये क्या काटेगा," दादा म्हणाले, "इसी को काट के लाए हैं." आणि खिडकीबाहेर तोंड करून बसले.

डॉक्टरांनी बजावून सांगितलं होतं, "खड़ा कीजिए इसको. पड़ा रहेगा तो पीठ में घाव होगा, छाती बैठ जाएगा, सड़ेगा. अगला शनिवार दिखाइए. नहीं खड़ा हुआ तो हम सुलाने का सुई तैयार रखेगा, दीदी. उसको लटका के नहीं रखेगा."

शनिवार. कालिंदीने शाळेत रजा टाकली. तिला सगळीकडे शनिवारच दिसत होता. आतल्या खोलीत गोधडीवर सर्जा पडून. खांद्याच्या जागी टाक्यांची काळी शिवण, पोत्याचं तोंड शिवावं तशी. त्याला उठवायला तिने आईचं जुनं नऊवारी लुगडं काढलं, त्याची घडी करून पोटाखालून घातली आणि दोन्ही टोकं धरून वर ओढलं. सर्जा उचलला गेला, पण उभा राहिला नाही. वाळत घातलेल्या गोधडीसारखा लुगड्यात लोंबत राहिला. तीन पाय होते, पण ते जमिनीला लावायचे असतात हे तो विसरला होता. तिची कंबर भरून आली आणि दोघंही खाली बसली.

"उठ रे," ती म्हणाली. "उठ की रे बाबा. माझ्यासाठी नको, तुझ्यासाठी ऊठ."

सर्जाने तोंड भिंतीकडे फिरवलं.

हे तिला सगळ्यात लागलं. तो तिच्याकडे बघतच नव्हता. तिने पोळी दुधात कुस्करून दिली, तोंड फिरवलं. भात-तूप दिलं, तोंड फिरवलं. शेफालीदी वर आली आणि माशाचं डोकं घालून शिजवलेला भात तिने त्याच्या नाकाशी धरला. "खाओ बाबा शोर्जा, खाओ, लक्खी छेले आमार, अच्छा लड़का मेरा." हर्डीकरांच्या घरात आजवर अंडं आलं नव्हतं. दादा नाकाला उपरणं लावून गॅलरीत गेले. आणि सर्जा खाऊ लागला. पडल्या पडल्या, जीभ वाकडी करून, शेवटच्या शितापर्यंत.

"देखा?" शेफालीदी खूश. "मेरा हाथ का खाता है!"

"हां," कालिंदी म्हणाली आणि स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडून उभी राहिली. नळाला पाणी नव्हतं. तरी ती तशीच उभी राहिली.

तिची खात्री पटली होती, की सर्जाला सगळं कळलं आहे. रोज संध्याकाळी त्याने विश्वासाने पुढे केलेल्या पायाचं तिने काय केलं, हे त्याला कळलं आहे. ती आषाढाच्या उकाड्यात दादांचे लोकरी मोजे घालायला लागली. त्याला आपले पाय दिसू नयेत म्हणून. दादांनी मोजे पाहिले, काही सांगून ठेवलं नाही.

तेवढ्यात मंडळात बातमी फिरली. बायका समाचाराला आल्या. म्हणजे नाव समाचाराचं, डोळे सगळे मोज्यांवर. बँक मॅनेजर श्यामराव गुप्त्यांची बायको पुष्पा, मुंबईहून बदलून आलेली, तिने हनुवटीला बोट लावलं. "अगंबाई, कुत्र्यासाठी एवढं? आमच्या दादरला नं, असं असतं नं, तर सरळ सोसायटीवाले येऊन नेतात नं."

"नेऊ द्या नं," कालिंदी म्हणाली. तिला चिडवायचं नव्हतं, ते आपोआप तसं तोंडातून निघालं. पुष्पा जिना उतरताना दुसरीला म्हणत होती, ते वर स्पष्ट ऐकू आलं: "पाय उतरला म्हणे तिचा. आता कोणाची उसण जात नाही म्हणे."

आणि बोला, शुक्रवारी दुपारी तिच्याच नवऱ्याची पाठ धरली!

श्यामराव गुप्ते म्हणजे देह मोठा आणि इंग्रजी शब्द एकच. दोन शिपायांनी त्यांना खांद्यांवर लटकावून वर आणलं आणि दारात सोडून दिलं. "कालिंदीताई, प्रॅक्टिकली मेलो हो मी. सही करायला वाकलो, आणि प्रॅक्टिकली तिथेच."

कालिंदी दारात आली. केस विस्कटलेले, अंगावर कालचीच साडी, पायांत लोकरी मोजे. "श्यामराव, डॉक्टरकडे जा."

"डॉक्टर काय करणार? तुमचा पाय—"

"माझ्या पायात काही नाही. कधीच नव्हतं."

"असं प्रॅक्टिकली कसं म्हणता? गेल्या वर्षी माझी—"

"तुमची आपोआप गेली. सगळ्यांची आपोआपच जाते." तिचा आवाज चढत गेला. "त्याची जाणार नव्हती! त्याची उसण नव्हतीच! मी त्याचं सडकं हाड दाबत बसले, इतके दिवस, रोज, आणि तो आपला येऊन निजायचा. उद्या त्याला सुई देणार आहेत. तुम्ही जा हो. जा."

श्यामरावांनी हे ऐकलं असेल, पण कण्हत कण्हत ते पुढच्या खोलीत सतरंजीपर्यंत पोचले होते, आणि एकदा गुडघे टेकल्यावर परत उठणं त्यांच्या हातात नव्हतं. ते पालथे पडले. "एकदाच," ते सतरंजीत तोंड खुपसून म्हणाले. "नुसता टेकवा. तुमचा विश्वास नसला तर नसू दे, माझा आहे."

दादा गॅलरीतून म्हणाले, "मी सांगून ठेवतो, गुप्ते, हिला आज त्रास देऊ नका."

आणि तेव्हा आतल्या खोलीतून तो आवाज आला.

कितीतरी दिवसांत तो या घरात ऐकू आला नव्हता. आधी घशात खोल, मग वर चढणारा. नंतर काहीतरी धपकन पडलं. मग नखांचा फरशीवर घसरण्याचा आवाज. पुन्हा धप्प. कालिंदी वळली. दाराच्या चौकटीत सर्जाचं डोकं दिसलं. पुढचा एक पाय मधोमध रोवलेला, मागचे दोन फाकलेले, अंग होडीसारखं डुलत होतं. त्याने एक उडी मारली आणि नाकावर आपटला. उठला. दुसरी मारली. दात बाहेर, मानेवरचे केस उभे, डोळे श्यामरावांच्या विस्तीर्ण पाठीवर.

श्यामरावांनी मान वळवली. त्यांनी ओरडायला तोंड उघडलं, पण आवाज निघाला नाही. मग तो निघाला, आणि त्याबरोबर श्यामरावही. कोणाचाही पाय न लागता ते सतरंजीवरून उठले आणि दादांच्या आरामखुर्चीवर चढून उभे राहिले. "धरा! अहो धरा त्याला! हा खाईल मला, प्रॅक्टिकली!"

"हा चालतोय," कालिंदी म्हणाली. "दादा, हा चालतोय रे."

दादा गॅलरीच्या दारात आले होते. त्यांनी चष्मा काढला, पुसला, आणि लावायचा विसरले.

सर्जाने खुर्चीवरच्या माणसाकडे एकदा तुच्छतेने पाहिलं. मग तो गोल फिरायचा प्रयत्न करताना कलंडला, सावरला, आणि सतरंजीच्या मधोमध धप्पकन बसला. कालिंदी जवळ गेली. तिने हात पुढे केला. सर्जाने तोंड भिंतीकडे फिरवलं.

म्हणजे तो तिच्यासाठी उठला नव्हता. लुगड्याने ओढून, हात जोडून, रडून झालं होतं, त्याने हुं की चूं केलं नव्हतं. आणि उठला तो गुप्त्यांच्या रागाने. कालिंदीने फरशीवर बसून मोठ्याने हसायला सुरुवात केली, आणि ते हसणं लवकरच भलतंच वळण घ्यायला लागलं, तेव्हा दादांनी तिच्या पाठीवर हात ठेवला. "चालेल," ती हुंदक्यांतून म्हणत होती. "चालेल रे. रागाने तर रागाने."

शनिवारी डॉक्टर भादुरींनी सर्जाला इस्पितळाच्या अंगणात उड्या मारत येताना पाहिलं आणि चष्मा कपाळावर सरकवला. "आरे बाः! क्या खिलाया?"

"बँक मॅनेजर," दादा म्हणाले.

त्यानंतर सुया सुरू झाल्या. माणसांचं औषध, कुत्र्याचा अंदाज. सुई झाली की सर्जा मलूल होऊन पडे, हिरवं हिरवं ओके, पाण्याकडेसुद्धा बघत नसे. कालिंदी ओलं फडकं घेऊन बाजूला बसे आणि मनात एकच उलटसुलट करी: मी होळीलाच आणलं असतं तर? मी रंगपंचमीला आणलं असतं तर? निदान टेंगूळ आल्याबरोबर? शाळेत नकाशावर ब्रह्मपुत्रा दाखवताना तिची छडी मधेच थांबे, आणि पोरी एकमेकींना कोपर मारत. मग औषध उतरे आणि सर्जा पुन्हा उठे.

दुर्गापूजेच्या दिवसांत तो गल्लीभर हिंडायला लागला. मंडपातली पोरं त्याच्या मागून एका पायावर उड्या मारत नाचत आणि ओरडत, "शोर्जादा! शोर्जादा!" त्याला ते आवडत नसे, पण तो कोणाला चावला नाही. मधेच केव्हातरी, काही घडलेलं नसताना, तो कालिंदीच्या हातची पोळी खायला लागला. ती कपाटातून काहीतरी काढत होती, हातात पोळीचा तुकडा होता, आणि सर्जाने जाता जाता तो घेतला. कालिंदी कपाट उघडं टाकून तशीच उभी राहिली. तिला वाटलं, माफ केलं. मग वाटलं, नसेल, भूक लागली असेल. दादांना विचारावंसं वाटलं, पण त्यांनी काय सांगून ठेवलं असतं ते तिला माहीत होतं.

कालीपूजेचे फटाके संपले आणि थोड्याच दिवसांत सर्जा खोकायला लागला. कोरडा, बारीक खोकला, घशात पीस अडकल्यासारखा.

पुन्हा टॅक्सी, पुन्हा उत्तर टोक, पुन्हा खिडकीच्या उजेडात धरलेली काळी फिल्म. या वेळी छातीची. कालिंदीला वाचता येत नव्हती, तरी तिला दिसलं. रात्रीच्या आकाशात दिवे दिसावेत तसे गोल गोल पांढरे ठिपके, दोन्ही बाजूंना.

"छाती में चला गया," डॉक्टर म्हणाले.

दादांनी विचारलं, "सुई?"

"सुई दे सकता है. उल्टी होगा, पड़ा रहेगा. फायदा..." त्यांनी हात हवेत सोडून दिला.

मग कालिंदीने विचारलं. इतके महिने पोटात धरून ठेवलेलं होतं, ते एका दमात बाहेर आलं. "डॉक्टरसाब, मैं पहले लाती तो? पहले महीने में लाती तो ये बच जाता? मैं उस जगह पर पैर से दबाती थी. रोज. उससे फैला क्या? सच बताइए. मुझे सच सुनना है."

डॉक्टर भादुरींनी फिल्म पाकिटात घातली, परत काढली, परत घातली. "दबाने से दर्द हुआ होगा," ते म्हणाले. "बहुत दर्द. जल्दी आने से वो दर्द कम होता. बाकी... शायद उस दिन भी छाती में था, इतना छोटा कि मशीन नहीं देख सकता. शायद नहीं था. हम नहीं जानता, दीदी."

"पर आप डॉक्टर हैं!"

"हाँ," ते म्हणाले. "इसीलिए बोलता है, नहीं जानता."

कालिंदीला त्यांचा भयंकर राग आला. तुझ्यामुळे झालं म्हणाले असते तर ती तिथे कोसळली असती, पण खाली काहीतरी जमीन असती. तुझी चूक नाही म्हणाले असते तरी चाललं असतं. त्यांनी तिला मधेच उभं करून ठेवलं. आणि दर्द तर झालाच होता, तो तिनेच दिला होता, तेवढं त्यांनी काढून घेतलं नाही.

सर्जा टेबलाखाली बसून दारातून जाणाऱ्या एका बकरीकडे बघत होता. कालिंदीने त्याच्याकडे पाहिलं. पोट भरलेलं होतं, डोळे चकचकीत. आज सुई दिली की संध्याकाळपर्यंत हे डोळे विझतील, उद्या ओकारी, परवा जरा बरं, आणि मग पुन्हा सुई. तिला आपला हट्ट ओळखू आला. तोच होता, वैशाखातला. काहीतरी करत राहायचं, त्याला काय होतंय ते न बघता.

"सुई नको," ती मराठीतच म्हणाली. मग हिंदीत म्हणाली. "जब साँस में तकलीफ होगा, तब मैं खुद लेके आएगी. देर नहीं करेगी." डॉक्टरांचं हिंदी तिला लागलं होतं.

"ठीक," डॉक्टर म्हणाले. "तब हम है."

टॅक्सीत सर्जाने डोकं खिडकीबाहेर काढलं. कान मागे उडत होते. पार्क सर्कसच्या अलीकडे ड्रायव्हरने आरशातून बघत विचारलं, "ठीक हो जाएगा ना माताजी, कुत्ता?"

"नहीं," कालिंदी म्हणाली.

तिने हे पहिल्यांदाच कुणाला तरी मोठ्याने सांगितलं होतं. दादांनी चमकून तिच्याकडे पाहिलं. ती रडत नव्हती. पुढे वाकून ड्रायव्हरला म्हणाली, "घर नहीं. लेक चलिए. ढाकुरिया लेक."

"आता लेक? कालिंदे, जेवायची वेळ झाली. ऊन केवढं आहे."

"असू दे."

लेकवर दुपारची सामसूम. बाकांवर दोन-तीन जोडपी छत्रीआड बसलेली, लांब एक होडी. सर्जा टॅक्सीतून उतरला तो उतरताक्षणी पाण्याकडे सुटला. साखळी दादांच्या हातात होती, कारण कालिंदी भाडं देत होती. "अरे! अरे, थांब! ए गाढवा!" दादा धोतर सावरत मागोमाग. काठावर चिखल होता, त्यात सर्जाचा एकुलता पुढचा पाय रुतला आणि तो हनुवटीवर पडला. दादा घोट्यापर्यंत पाण्यात. त्यांनी दोन्ही हातांनी त्याला बगलेतून उचललं, चिखलासकट छातीशी धरलं आणि पुन्हा उभं केलं. "असा उभा राहा. असा. जमतंय का? हां."

कालिंदी काठावर येऊन बसली. पलीकडच्या जलपर्णीतून पाणकोंबड्या निघाल्या आणि सर्जा पोटापर्यंत पाण्यात उभा राहून त्यांच्यावर भुंकायला लागला. मोठ्याने, सगळं अंग हलवून. मग त्याला खोकला आला. दादांनी त्याच्या बरगड्यांखाली हात धरून ठेवला. खोकला संपेपर्यंत सर्जा मान खाली घालून तसाच पाण्यात थांबला, आणि संपल्यावर पुन्हा भुंकायला लागला.